अक्षरावरून माणूस

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात मंगळवारच्या सभेत केलेले भाषण)



चार जणींसमोर उभे राहून भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाईजवळच्या आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती आणि मुलींना पुढे तालुक्याला पाठवण्याची आमच्या घरी रीत नव्हती. तेव्हा मी शास्त्राच्या विषयावर बोलावे हे धाडसच आहे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही अक्षर बघता ना, मग त्यावरच बोला." मी होकार दिला खरा, पण अक्षर कसे बघावे हे सांगण्यासाठी नव्हे. मी ते बघणे का सोडले, हे सांगण्यासाठी आज उभी आहे.

आपणांपैकी बऱ्याच जणींना २०१५ सालचे संक्रांतीचे हळदीकुंकू आठवत असेल. त्याच्या थोडे आधी मी बसस्थानकावरच्या दुकानातून 'अक्षरावरून स्वभाव' ह्या विषयावरचे एक पातळ पुस्तक घेतले होते. दोनदा वाचले आणि मला वाटले, आपल्याला विद्या आली. त्या दिवशी तिळगूळ देऊन झाल्यावर एकेकीने कागदावर दोन ओळी लिहिल्या, एक झाड आणि एक घर काढले, आणि मी ते बघून स्वभाव सांगत गेले. अक्षर मोठे, तर मन मोकळे. अक्षर बारीक, तर हात आखडता. ओळ वर चढली, तर उमेद दांडगी. घराला खिडकी नाही, तर बाई आतल्या गाठीची. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि त्या दिवसापासून मी 'अक्षर बघणारी' झाले.

घरी आल्यावर मी तेच सासूबाईंवर चालवले. आमच्या आई सुगरण, हिशेबाला पक्क्या. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर आणि वाण्याची यादी मागच्या कोऱ्या कागदावर, हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम. त्या सुमारास त्यांचे अक्षर फार बारीक झाले होते. ओळीचा पहिला शब्द बरा असे आणि शेवटचा शब्द वाचायला चष्मा पुसावा लागे. मी पुस्तक उघडले. त्यात लिहिले होते की आक्रसत जाणारे अक्षर हे आक्रसलेल्या मनाचे लक्षण. मला ते लगेच पटले. कारण आई तेव्हा बोलायच्या कमी, आवाज खाली गेलेला, चेहरा रुसल्यासारखा, कामाला वेळ लावायच्या. भाजणी जळून घरभर धूर झाला तरी "मला वास आला नाही" म्हणायच्या. मी मनात म्हटले, ह्यांचे घरातून लक्षच उडाले आहे. मी आमच्या ह्यांना तसे बोलूनही दाखवले. पुस्तकाचा आधार होता ना!

दोन वर्षे अशी गेली. भगिनींनो, त्या दोन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात दोघींमध्ये फक्त कामापुरते बोलणे होते.

२०१७ साली बँकेत पेन्शनचे पैसे काढायला गेलो, तेव्हा आईंची सही जुन्या सहीशी जुळेना. तीन वेळा सही केली, तिन्ही बारीक आणि थरथरलेल्या. घरी येताना रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या, "अगं, मी मोठेच काढते, पण हात ऐकत नाही." ते ऐकून मी प्रथमच त्यांच्या हाताकडे बघितले. त्याआधी मी नुसत्या कागदाकडे बघत होते.

आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईंना चालायला सांगितले, बोटे उघडमीट करायला सांगितली, आणि मग कागद पुढे करून एक वाक्य लिहायला आणि एक वेटोळे काढायला सांगितले. आई म्हणाल्या, "म्हणजे चकलीसारखे?" डॉक्टर हसून म्हणाले, "हो आजी, चकलीच काढा." ज्या बाईने पन्नास वर्षे दिवाळीला चकल्या घातल्या, तिच्या कागदावरच्या चकलीची वेढणी एकमेकींना चिकटली होती आणि रेघ नागमोडी झाली होती. डॉक्टरांनी विचारले, "ह्यांचे जुने लिहिलेले काही आहे का घरात?" मी दुसऱ्या दिवशी आईंची १९८४ सालची पाककृतींची वही नेली. त्या वहीत अक्षर हरभऱ्याएवढे, टपोरे, सरळ. आणि कॅलेंडरवर खसखशीएवढे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर समजायला सातवीसुद्धा पुरेशी होती.

आजार होता कंपवात, म्हणजेच पार्किन्सन. जेम्स पार्किन्सन ह्या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली ह्या दुखण्यावर निबंध लिहिला, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. आपल्या मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. ह्या आजारात त्या कमी होत जातात आणि शरीराची हालचाल मंद व लहान होते. पाऊल लहान पडते, आवाज लहान होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी दिसतात, तसेच अक्षरही लहान होते. अक्षर असे आक्रसण्याला डॉक्टर मायक्रोग्राफिया म्हणतात. वास न येणे हेही पुष्कळांच्या बाबतीत फार आधीपासून दिसणारे लक्षण आहे. मी ज्याला रुसवा म्हटले तो आजार होता. मी ज्याला दुर्लक्ष म्हटले तो आजार होता. अक्षर दोन वर्षे रोज कॅलेंडरवरून ओरडून सांगत होते आणि मी पुस्तकात बघत होते.

ह्या गोष्टीची मला अतिशय शरम वाटली. मग मी ठरवले, ज्या विद्येने मला चुकवले ती आहे तरी काय हे समजून घ्यायचे. वाचनालयातून पुस्तके आणली. माझी धाकटी कॉलेजात मानसशास्त्र शिकते, तिने पुष्कळ वाचून समजावून सांगितले. त्यातले थोडे आपल्यापुढे ठेवते.

अक्षरावरून स्वभाव ओळखण्याची हौस जुनी आहे. इटलीत कामिल्लो बाल्दी ह्या पंडिताने १६२२ साली ह्यावर पुस्तक छापले. पुढे फ्रान्समध्ये मिशाँ नावाच्या धर्मगुरूने एकेका वळणाला एकेक गुण लावून १८७५ साली मोठा ग्रंथ केला. आपल्याकडची पातळ पुस्तके त्याच वाटेने आलेली. मौज अशी की ते सगळे नियम रोमन लिपीवर बसवलेले. इंग्रजी 'टी'ची आडवी रेघ कुठे मारली त्यावरून निश्चय ओळखायचा, असे ते शास्त्र. आमच्या पुस्तकात त्या रेघेच्या जागी शिरोरेघ घातली होती. आपले अक्षर शिरोरेघेला टांगलेले, त्यांचे खालच्या ओळीवर बसलेले. आणि आपल्या पणजोबांची मोडी तर हात न उचलता, वळसे घेत लिहायची लिपी. मग मोडी लिहिणारे सगळेच कारकून एका स्वभावाचे म्हणायचे की काय?

पण नियम खरे नसतील, तर लोकांना पटतात कसे? हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्ही सगळ्याजणी "अगदी बरोबर" म्हणालात ते खोटे का? खोटे नव्हते. ह्याचे उत्तर अमेरिकेतील बर्ट्रम फोरर ह्या प्राध्यापकांनी १९४८ साली शोधले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन दिले. किती जुळते त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी गुण पडले ४.२६. नंतर उघड केले की वर्णन सगळ्यांना एकच दिले होते, आणि त्यातली बरीच वाक्ये रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातली होती!

मला ते खरे वाटेना, म्हणून मागल्या महिन्यात भजनाच्या दिवशी मी तुमच्यावरच प्रयोग केला. त्याबद्दल क्षमा असावी. चौदा जणींकडून दोन-दोन ओळी लिहून घेतल्या आणि पुढच्या मंगळवारी प्रत्येकीला बंद चिठ्ठी दिली. आठवते ना? "तुम्ही घरासाठी पुष्कळ करता, पण त्याची जाण सर्वांना आहेच असे नाही. चारचौघींत मिळूनमिसळून वागता, तरी मनातले एखाद्याच माणसापाशी बोलता. राग आला तर बराचसा गिळता." एकीच्या डोळ्यांना तर पाणी आले होते. भगिनींनो, चौदाही चिठ्ठ्यांत हेच लिहिले होते. घर चालवणाऱ्या कोणत्या बाईला हे लागू पडणार नाही, सांगा बरे?

(येथे सभागृहात बराच वेळ हशा झाला.)

हसण्यासारखे आहे, पण ह्यात एक दुखणेही आहे. आपले कोणीतरी ओळखले, ह्याची भूक आपल्याला किती आहे, तेही त्या चिठ्ठीने दाखवले.

शास्त्रज्ञांनी ह्याची रीतसर परीक्षाही घेतली आहे. इस्रायलमधील नेटर आणि बेन-शाखर ह्या संशोधकांनी १९८९ साली असे १७ अभ्यास एकत्र तपासले. अक्षरतज्ज्ञांना आणि अक्षरविद्या मुळीच न शिकलेल्या मानसशास्त्राच्या लोकांना तेच कागद वाचायला दिले, तर नोकरीत कोण कसे निघेल हे सांगण्यात न शिकलेले लोक तज्ज्ञांच्या मागे राहिले नाहीत, उलट थोडे पुढेच गेले. कारण कागदावर माणसाने स्वतःची हकीकत लिहिलेली असते. जे काही कळते ते मजकुरावरून कळते, वळणावरून नव्हे.

आता चित्रांकडे वळते. झाड काढून घेऊन स्वभाव पाहण्याची एक पद्धत स्वित्झर्लंडच्या कार्ल कोख ह्यांनी १९४९ साली पुस्तकरूपाने मांडली. माणसाचे चित्र काढून घेण्याच्याही पद्धती आहेत. मोठे डोळे काढले तर माणूस संशयी, असा त्यातला एक समज. १९६७ साली चॅपमन पतिपत्नींनी एक सुंदर प्रयोग केला. चित्रे घेतली आणि त्यांच्याखाली स्वभावाची लक्षणे अशी जोडली की चित्राचा आणि लक्षणाचा काही संबंधच नसावा. तरीही विद्यार्थ्यांनी पाहून सांगितले की संशयी माणसांच्या चित्रांत डोळेच वेगळे दिसतात. जे कागदावर नव्हते ते त्यांना दिसले, कारण ते आधीच डोक्यात होते. मला आईंच्या अक्षरात दिसले, ते असेच.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. पालघर भागातल्या वारली भगिनी लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. दोन त्रिकोण टोकाला जोडले की माणसाचे अंग झाले. चेहऱ्यावर बहुधा नाक-डोळे नसतात. परदेशी पुस्तक घेऊन बसणारा म्हणेल, चेहरा काढला नाही म्हणजे ही बाई काहीतरी लपवते! अहो, ती लपवत नाही. आईने, आजीने काढले तसे ती काढते. आपल्या रांगोळीचे तेच. ठिपके मोजून काढलेल्या रांगोळीवरून स्वभाव कोण ओळखणार? फार तर सासरची की माहेरची रांगोळी, एवढे कळेल.

मुलांच्या चित्रांत मात्र एक गोष्ट खरी आहे, आणि ती आपणा सर्व आयांनी पाहिली आहे. लहान मूल प्रथम माणूस काढते तो नुसते डोके आणि त्याला फुटलेले दोन पाय. मग हळूहळू पोट येते, हात येतात, बोटे येतात, कपडे येतात. फ्लॉरेन्स गुडइनफ ह्या बाईंनी १९२६ साली ह्याच क्रमावरून मुलाची वाढ पाहण्याची पद्धत बसवली. त्यातही एका चित्रावरून निकाल देऊ नये, असेच आता जाणकार मानतात. आणि मनातले काय ते मुलालाच विचारावे. माझ्या धाकटीने शाळेत असताना घरच्या माणसांचे चित्र काढले, त्यात आजी कोपऱ्यात मुंगीएवढी. मी तेव्हा पुस्तकाच्या नशेत. मला वाटले, हिला आजी आवडत नाही. विचारले तर म्हणाली, "आजी गच्चीवर पापड राखते आहे. लांबचे माणूस लहानच दिसते ना, आई?"

मग अक्षर काहीच सांगत नाही का? सांगते. प्रथम ते शिक्षण आणि सराव सांगते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावरच लिहिला आहे. अक्षर घासून, सरावाने चांगले करावे, असा त्याचा रोख आहे. आपल्याला बाईंनी कित्ता गिरवायला लावला, तो ह्याचसाठी. महात्मा गांधींनी आत्मचरित्रात कबूल केले आहे की त्यांचे अक्षर वाईट होते, आणि त्याची त्यांना शरम वाटे. मुलांना अक्षरे शिकवण्याआधी चित्र काढायला शिकवावे, असेही त्यांनी तेथेच म्हटले आहे. १९०९ साली बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिताना उजवा हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी २७५ पैकी ४० पाने डाव्या हाताने लिहिली. आता अक्षर बघणाऱ्याने कोणत्या हातावरून त्यांचा स्वभाव सांगावा?

दुसरे, लिहिणारा कोण हे अक्षरावरून पुष्कळदा ओळखता येते. कोर्टात हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेतात ते सही कोणाची हे ठरवायला, सही करणारा उदार की कंजूष हे ठरवायला नव्हे. आणि त्यातही चूक होते. फ्रान्समध्ये १८९४ साली आल्फ्रेड ड्रायफस ह्या कॅप्टनला एका चिठ्ठीच्या अक्षरावरून देशद्रोही ठरवले. ते अक्षर दुसऱ्याचे निघाले, पण त्याची निर्दोष सुटका व्हायला १९०६ साल उजाडले.

तिसरे आणि आपल्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचे, अक्षर शरीराचे हाल सांगते. मात्र त्यासाठी ते दुसऱ्याच्या अक्षराशी किंवा पुस्तकाशी ताडून पाहायचे नसते, त्याच माणसाच्या जुन्या अक्षराशी ताडायचे असते. जन्मभर बारीक लिहिणारीचे बारीक अक्षर हे काहीच नव्हे. पण टपोरे लिहिणारीचे अक्षर बारीक होऊ लागले, ओळीच्या शेवटी आक्रसू लागले, हात थरथरू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. कारण साधे असेल, चष्म्याचा नंबर असेल, सांधे धरले असतील. पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. लिहिता हात एकाएकी लुळा पडला, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, तर मात्र तासभरही न थांबता रुग्णालयात न्यावे. तो मेंदूचा झटका असू शकतो. वयस्कर माणसाला डॉक्टर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात, तेव्हा रागावू नये. आकडे एका बाजूला गोळा झाले, काटे चुकले, तर विस्मरणाच्या आजारासाठी पुढची तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. एकट्या चित्रावरून निदान होत नसते.

आणि एखाद्या मुलाचे अक्षर कितीही गिरवून सुधारत नसेल, तर त्याला आळशी म्हणून मारू नये. काही हुशार मुलांनाही लिहिण्याचीच अडचण असते. तपासणी करून दाखला मिळाला, तर आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या परीक्षेला अशा मुलांना जादा वेळेची आणि लेखनिकाची सवलत आहे.

शेवटी आईंविषयी सांगून थांबते. हा आजार औषधाने मुळापासून जात नाही, पण हालचाल पुष्कळ सुधारते. औषध सुरू झाल्यावर आईंचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, आखलेल्या कागदावर लिहिले तर ह्या रोग्यांचे अक्षर मोठे येते, डोळ्यांना रेघ दिसली की हात तिथपर्यंत जातो. मी पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणली. आईंना आधी हसू आले. आता रोज दुपारी त्या अर्धे पान लिहितात. जुन्या वहीतल्या पाककृती नव्या वहीत उतरवायचे काम चालले आहे. मी शेजारी भाजी निवडत बसते, आणि एखादे अक्षर लहान झाले की म्हणते, "आई, रेघेला लावा."

एक दिवस मी त्यांना सगळे सांगितले. पुस्तक, आखडता हात, आक्रसलेले मन, सगळे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकाचे जाऊ दे. तू मलाच विचारले असतेस, तर मी सांगितले असते."

भगिनींनो, मला एवढेच सांगायचे होते. ज्या माणसाचे अक्षर समोर आहे ते माणूसही बहुधा समोरच असते. त्याला विचारावे.